ऑनलाइन कलदार घेताना टांकसाळीचं टिंब आणि साल कसं तपासावं

मराठवाड्यातल्या जुन्या घरांत निजामाचा हाली आणि इंग्रजांचा कलदार असे दोन्ही रुपये एकाच डब्यात सापडतात. कलदारात भाव कधीकधी सालाच्या एका आकड्यावर किंवा टांकसाळीची खूण म्हणून उठवलेल्या सुईच्या टोकाएवढ्या टिंबावर ठरतो, आणि फसवणारे नेमका तिथेच फेरफार करतात.

एक गोष्ट आधी पक्की करा: वजन आणि चांदीचा कस बरोबर निघाला म्हणजे नाणं खरं, असं नाही. फेरफार बहुतेकदा अस्सल, स्वस्त नाण्यावर केलेला असतो, त्यामुळे सराफाच्या कसोटीला ते बिनबोभाट उतरतं.

इंग्रज राजा सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया दुर्मिळ, तर १९३८ चा सहज मिळणारा. दोन्हींत चांदी ९१.७ टक्के, वजन ११.६६ ग्रॅम. म्हणून १९३८ मधला इंग्रजी आठ कोरून नऊ केला जातो. तपासायची सोय नाण्यावरच आहे: सालात नऊ दोनदा येतो. दहापट भिंगाखाली शेवटचा नऊ पहिल्या नऊशी ताडून पाहा. आठाचं वरचं वर्तुळ लहान असतं, त्यामुळे बनावट नऊचं डोकं बारीक दिसतं. खालच्या डाव्या बाजूला, जिथून धातू काढला, तिथे ओरखडे, खळगा किंवा वेगळी चमक दिसते. १९३९ चा रुपया मुंबई टांकसाळीचा. मागच्या बाजूला तळाच्या फुलाखाली टिंब हवंच. १९३८ मात्र टिंबासह आणि टिंबाविना, दोन्ही मिळतो. टिंब नसलेला १९३९ दिसला तर पुढे बोलणंच नको.

कडही पाहा. १९४० पासून चांदी ५० टक्क्यांवर आली आणि कडेच्या मधोमध नक्षीची खाच आली. १९३९ ची कड साधी दातेरी.

विक्रेत्याकडून हे मागा: साल आणि टिंबाचे जवळून फोटो, तीन दिशांनी तिरका उजेड टाकून, कडेचा फोटो, नाणं फिरवतानाचा व्हिडिओ, शेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी. समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत ओरखडे बुजतात, तो फोटो मोजू नका.

चिकटवलेलं टिंब ओळखणं थोडं अवघड. ठशातून उठलेलं टिंब पृष्ठभागातूनच वर आलेलं दिसतं. नंतर बसवलेल्या टिंबाच्या बुडाशी बारीक फट, डिंकाची कडा किंवा डाकाचा (सोल्डरिंगचा) पांढुरका डाग असतो. सगळं नाणं काळपट आणि टिंबाभोवती तेवढं गोल उजळ, हीसुद्धा खूणच. खोडलेल्या टिंबाच्या जागी उथळ खड्डा राहतो.

नाणं हातात आल्यावर ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर तोला. वापरलेलं नाणं थोडं हलकं भरणारच. सराफ्यात ‘तोळा’ म्हणाले तर ग्रॅम विचारा: जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आज बोलण्यात दहाचा. हाली रुपया ११.१८ ग्रॅमच्या आसपास असतो, त्याला कलदाराचं माप लावू नका. डिंकाचा संशय असेल तर विक्रेत्याला विचारून शुद्ध ॲसिटोनमध्ये काचेच्या भांड्यात दहा मिनिटं ठेवा. खिडकी उघडी, जवळ आग नाही, घासायचं नाही. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात इतर पदार्थ असतात.

पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून सीलबंद डबीत देणाऱ्या संस्थांच्या डबीतलं नाणं असेल तर डबीवरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाका आणि तिथे फोटो असेल तर ओरखडे नि डागही जुळवा, कारण डब्यासुद्धा नकली निघतात. पैसे देण्याआधी ‘फेरफार आढळल्यास पूर्ण रक्कम परत’ हे लेखी घ्या आणि पार्सल फोडताना न थांबता व्हिडिओ करा.