अमेरिकेला विमाने बदलत जाताना बॅग कुठे उचलायची?

मुंबई–फ्रँकफर्ट–शिकागो–डेन्व्हर असे एकाच तिकिटावर निघालात, की मुंबईच्या काउंटरवर लागणाऱ्या टॅगवर शेवटचा कोड डेन्व्हरचा, म्हणजे डी-ई-एन, येतो. 'बॅगा थेट डेन्व्हरला मिळतील' असेही सांगतात. फ्रँकफर्टपुरते ते बरोबर आहे; तिथे बॅगेकडे बघायचीही गरज नाही. पण अमेरिकेत जिथे पहिल्यांदा उतराल, तिथे बॅग स्वतः बेल्टवरून घेऊन कस्टम्समधून न्यावी लागते. टॅगवर काहीही छापलेले असो. बेल्टकडे न वळता पुढे गेलात, तर तुम्ही डेन्व्हरला आणि बॅग शिकागोला.

शिकागोतला क्रम असा: इमिग्रेशन, मग बेल्ट, मग कस्टम्स आणि बाहेर पडल्या पडल्या पुढच्या विमानाच्या बॅगा घेणारा काउंटर. तिथे टॅग दाखवून बॅग परत सोपवायची. पुन्हा वजन, पुन्हा पैसे असले काही नसते. घाईत सगळे लोक टॅक्सीच्या दिशेने निघतात, त्यांच्यामागे जाऊ नका. त्यानंतर टर्मिनल बदला आणि सुरक्षा तपासणी परत करा. या सगळ्याला दोन तास कमीच पडतात. तिकीट काढतानाच तीन तासांचे अंतर ठेवा.

ड्यूटी-फ्रीची बाटली किंवा अत्तर हातात असेल, तर बॅग काउंटरवर परत सोपवण्याआधीच ते तिच्यात टाका, कारण पुढच्या तपासणीत १०० मिलीवरचे द्रव अडू शकते. म्हणून मुंबईहून निघतानाच बॅगेत तेवढी जागा आणि वजन शिल्लक ठेवावे. इकॉनॉमीत बहुतेकदा प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा मिळतात. २२ वर थांबलेले बरे.

अबुधाबीहून थेट अमेरिकेला जाणाऱ्या विमानांचे मात्र वेगळे. अमेरिकेचे इमिग्रेशन आणि कस्टम्स अबुधाबीतच होते, त्यामुळे अमेरिकेत देशांतर्गत प्रवाशासारखे उतरता आणि बॅग शेवटच्या विमानतळावर मिळते.

आता बॅगेच्या आतले. खाण्याचे जे काही असेल ते 'आहे' म्हणून सांगायचे, हा एकच नियम पाळला तरी बहुतेक त्रास टळतो. सांगितलेली वस्तू चालत नसेल तर काढून घेतात, विषय संपतो. लपवलेली सापडली तर दंड होतो. आंब्याचे लोणचे, मसाले, भाजणी, चकल्या सहसा जातात. ताजी फळे, भाज्या, मांस आणि कढीपत्ता जात नाही. कढीपत्त्यावर लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवणारी कीड येते. तांदूळ आणि हरभरे खापरा भुंगा या धान्यातल्या किडीमुळे बंद आहेत, मग तो घरचा आंबेमोहोर का असेना. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर मुंबईतच काढतात: खोबरे आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून ते विमानात चालत नाही. मेतकूट, मसाल्यासारखी पूड ३५० मिलीच्या वर असेल तर ती हातातल्या बॅगेत नको. पॉवर बँक उलट फक्त हातातच. रोख १०,००० डॉलरच्या वर असेल तर तेही लिहून द्यावे लागते. हा आकडा एकत्र प्रवास करणाऱ्या कुटुंबाचा मिळून धरतात.

आईवडील व्हीलचेअरवर असतील तर मदतनीस बॅगा उचलतो, पण ओळखायच्या त्यांनाच असतात. किती बॅगा, कोणता रंग आणि टॅगच्या पावत्या कुठे आहेत, हे एका कागदावर इंग्रजीत लिहून पासपोर्टमध्ये ठेवा.

परतीला हाच खेळ साधारणपणे भारतातल्या पहिल्या विमानतळावर होतो. दिल्लीमार्गे पुण्याला येताना दिल्लीत बॅगा घ्या, कस्टम्स करा, पुन्हा द्या. देशांतर्गत तिकीट वेगळे काढले असेल तर खरी अडचण वजनाची. त्यावर बहुधा १५ किलोच मिळतात, आणि तुमच्याकडे असतात ४६. जादा किलोंचे पैसे विमानतळावर भरण्यापेक्षा आधी ऑनलाइन भरलेले स्वस्त पडतात. मुंबईत पुढचे विमान टर्मिनल १ वरून असेल, तर टर्मिनल २ मधून बाहेर पडून रस्त्याने जावे लागते. वेगळ्या तिकिटावर पहिले विमान उशिरा आले तर दुसरी कंपनी थांबत नाही, परतावाही देईलच असे नाही.

वाटेतल्या विमानतळावर बेल्ट थांबला आणि बॅग आली नाही, तर तिथल्या एअरलाइनच्या माणसाला टॅगची पावती दाखवा आणि पुढचे विमान पकडा. शेवटच्या विमानतळावरही ती नसेल, तर बाहेर पडण्याआधी तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. बॅग फुटलेली मिळाली तर लेखी दावा ७ दिवसांत, उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत करायचा असतो. पावत्यांचा फोटो मुंबईच्या काउंटरवरच काढून ठेवा. बोर्डिंग पासच्या मागे चिकटवलेला तो चिटोरा हमखास विमानातच राहतो.