जुनी छायाचित्रे आणि वस्तू यांवरून नॉर्फोकचा स्थानिक इतिहास कसा अभ्यासावा

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील नॉर्फोक काउंटीत सहाशेहून अधिक मध्ययुगीन चर्च आजही उभी आहेत, आणि नवा अभ्यासक या विस्ताराला भुलून सगळीकडे थोडेथोडे पाहत राहतो. तसे करू नये. एक गाव, एक गल्ली किंवा एक व्यवसाय निवडावा आणि प्रश्न शक्य तितका लहान ठेवावा. या लेखापुरता आपण असा प्रश्न घेऊ: सुमारे शंभर वर्षांपूर्वी शेरिंगहॅम या नॉर्फोकच्या किनाऱ्यावरील गावाचे मच्छीमार अंगात काय घालीत असत?

प्रथम चित्रे गोळा करावीत. काउंटी कौन्सिलच्या ‘पिक्चर नॉर्फोक’ या छायाचित्रसंग्रहात घरबसल्या शोध घेता येतो. मात्र गावाच्या नावाच्या उच्चारावर विसंबू नये. अक्षरांप्रमाणे ‘वायमंडहॅम’ वाचावेसे वाटणारे गाव स्थानिक लोकांच्या तोंडी ‘विंडम’ असते आणि ‘हॅपिसबर्ग’ दिसणारे ‘हेझबरा’. म्हणून ऐकलेले नाव आधी नकाशावर पाहावे, त्याचे स्पेलिंग उतरवून घ्यावे आणि मगच शोधाला लागावे. शेरिंगहॅमच्या बाबतीत ही अडचण नाही. तेथे स्टुडिओ चालवणाऱ्या ऑलिव्ह एडिस (१८७६–१९५५) यांनी मच्छीमारांची अप्रतिम व्यक्तिचित्रे टिपली असून त्यांच्या कामाचा मोठा संग्रह क्रोमरच्या संग्रहालयात आहे.

चित्र हाती आले की ते आधी उलटून पाहावे. जुने छायाचित्र पोस्टकार्डाच्या रूपात असेल, तर पाठीमागची बाजू पुष्कळ काही सांगते. ब्रिटनमध्ये १९०२ पूर्वी ती संपूर्ण बाजू पत्त्यासाठी राखीव होती आणि मजकूर चित्राच्या बाजूलाच दाटीवाटीने लिहावा लागे. त्या वर्षी मधोमध रेघ मारून एका अर्ध्या भागात मजकूर लिहिण्याची मुभा मिळाली. देशांतर्गत कार्डाला जून १९१८ पर्यंत अर्ध्या पेनीचे तिकीट पुरत असे, त्यानंतर एक पेनी लागू लागली. तरीही एक सावधगिरी हवी: टपालाचा शिक्का कार्ड कधी पाठवले ते सांगतो, छायाचित्र कधी काढले ते नव्हे. प्रकाशक एकच लोकप्रिय दृश्य वर्षानुवर्षे विकत असत. कधीकधी काचेची निगेटिव्ह उलटी ठेवून छापलेली असते; दुकानाच्या पाटीवरील अक्षरे उलटी आहेत का किंवा कोटाची बटणे कोणत्या बाजूला आहेत, हे पाहिले की ती चूक पकडता येते.

यानंतर वस्तूकडे वळावे, कारण खरी गंमत तिथेच आहे. एडिस यांच्या चित्रांतील मच्छीमारांच्या अंगात ‘गॅन्सी’ नावाचा घट्ट विणीचा, गडद निळा लोकरी स्वेटर दिसतो. शेरिंगहॅमचे स्थानिक संग्रहालय असे स्वेटर जपून आहे. बारीक सुयांवर गोलाकार विणलेल्या त्या अंगरख्याला बाजूची शिवण नसते आणि नक्षी बहुतेक छातीच्या वरच्या भागात असते. छायाचित्रात ती नक्षी उठून दिसते, पण बाहीचे टोक झिजल्यावर ते उसवून पुन्हा विणले होते का, कोपरावर रफू आहे का, हे प्रत्यक्ष वस्तूच सांगू शकते. उलट ती कोण आणि कशी मिरवीत असे, हे चित्र सांगते. स्टुडिओत बसायला आलेला माणूस बहुधा आपला चांगला स्वेटर घालून येई. त्यावरून तो रोज होडीवर हाच घालीत असे, असा निष्कर्ष काढू नये. बुडालेल्या माणसाची ओळख नक्षीवरून पटत असे, ही कथाही किनाऱ्यावर वारंवार ऐकू येते. ती मनाला चटका लावणारी असली, तरी ठोस पुराव्याशिवाय लिहून ठेवू नये.

वस्तू कधीकधी काउंटीच्या सीमेबाहेर घेऊन जाते. अठराव्या शतकाच्या अखेरीस नॉर्फोकचे मुख्य शहर असलेल्या नॉरिचचे विणकर काश्मिरी शालींच्या धर्तीवर शाली विणू लागले. आपण जिला कोयरी म्हणतो, ती आकृती नॉरिचच्या शालींवर दिसते तेव्हा प्रश्न ‘नॉर्फोकमध्ये काय होते’ एवढाच उरत नाही. तसेच थेटफर्डचे ‘एन्शंट हाउस’ संग्रहालय ज्या इमारतीत आहे, ती गावाला देणारे प्रिन्स फ्रेडरिक दुलीप सिंग (१८६८–१९२६) हे पंजाबचे अखेरचे महाराजा दुलीप सिंग यांचे पुत्र होते.

आता जागा निश्चित करावी. काउंटी कौन्सिलच्या नकाशा-संकेतस्थळावर एकोणिसाव्या शतकातील टाइद नकाशे (चर्चला द्यावयाच्या दशांश कराच्या आकारणीसाठी काढलेले जमिनींचे नकाशे) आणि १९४६ ची हवाई छायाचित्रे पाहता येतात. नॉरिचमध्ये ही ताडणी विशेष महत्त्वाची ठरते, कारण एप्रिल १९४२ च्या बॉम्बहल्ल्यांत शहराच्या अनेक रस्त्यांचे रूपच बदलले. जॉर्ज प्लंकेट यांनी १९३१ पासून काढलेली शहराची छायाचित्रे याच कारणाने अमूल्य आहेत.

स्वतः शेतात काही शोधण्याचा विचार असेल, तर जमीनमालकाची परवानगी घेतल्याशिवाय मेटल डिटेक्टर चालवू नये. तीनशे वर्षांहून जुनी सोन्याचांदीची वस्तू सापडल्यास १९९६ च्या कायद्यानुसार ती चौदा दिवसांच्या आत कॉरोनर या स्थानिक न्यायिक अधिकाऱ्याला कळवावी लागते.

प्रत्येक चित्राचा आणि वस्तूचा नोंदणी क्रमांक पहिल्याच दिवशी वहीत लिहावा. नंतर तो शोधण्यात दुप्पट वेळ जातो. आणि संग्रहातील एखाद्या चित्राखालचे नाव किंवा वर्ष चुकीचे असल्याचे आपल्या पुराव्यावरून दिसले, तर तो क्रमांक आणि पुरावा यांसह संग्रहाला नम्रपणे लिहावे.