गुडघा बदलल्यावर आखडतोय? या चुका टाळा

गुडघ्याची वाटी बदललेल्या पेशंटच्या घरी व्यायाम घ्यायला गेले की मी आधी पलंगाकडे बघते. बहुतेक घरी गुडघ्याखाली उशी असतेच. ती आधी काढायला लावते.

उशीने बरं वाटतं, हे खरं आहे. सुजलेला सांधा थोडा वाकवून ठेवला की आतला दाब कमी होतो आणि ठणका उतरतो. पण रात्रंदिवस तसंच पडून राहिलं की सांध्याचं मागचं आवरण आणि मांडीमागचे स्नायू आखडतात आणि पाय पूर्ण सरळ होईनासा होतो. घरच्यांचं सगळं लक्ष 'किती वाकतो' याकडे. सरळ होतो का, हे कुणी विचारत नाही! पाय थोडा जरी वाकडा राहिला तरी माणूस लंगडतो, नुसतं उभं राहिलं तरी मांडी भरून येते आणि भार दुसऱ्या गुडघ्यावर जातो.

कोथरूडच्या एका काकूंचं ऑपरेशन उत्तम झालं होतं. घरी सुनेने मायेने गुडघ्याखाली दोन उशा दिल्या. दीड महिन्याने मला बोलावलं तेव्हा काकू उताण्या झोपल्या, तरी गुडघ्यामागून माझा हात आरपार जात होता. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा अधांतरी आणि मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा. दहा-दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. पहिल्या दिवशी त्या रडल्या. पाय सरळ व्हायला पुढे कित्येक महिने गेले. हेच काम सुरुवातीच्या पंधरवड्यात किती तरी सोपं असतं. सूज उतरवायला पाय उंच ठेवायचाच असेल, तर आधार टाच आणि पोटरीखाली द्या, गुडघ्याखाली नको.

दुसरी चूक घाईची. व्हिडिओ बघून मुलगा आईचा पाय धरतो आणि 'आज शंभर अंश करूनच टाकू' म्हणत दाबतो. दुसऱ्या दिवशी गुडघा टम्म फुगतो. सूज वाढली की मांडीचा स्नायू नीट आवळला जात नाही, पेशंट घाबरून पाय ताठ धरतो आणि कालच्यापेक्षाही कमी वाकतो. तेल लावून पाय रगडणाऱ्या मालिशवाल्याला तर दारातूनच परत पाठवा. ऑपरेशननंतर पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते, तिथे जोराने चोळणं जिवावर बेतू शकतं. वाकवायचं ते पेशंटनेच. खुर्चीत बसून, पाऊल जमिनीवरून मागे सरकवत, ताण सहन होईल तिथे थांबून. थोडं थोडं, पण दिवसातून बऱ्याचदा. सकाळी एकदाच तासभर व्यायाम करून दिवसभर टीव्हीसमोर बसणं मला अजिबात मान्य नाही.

गरम पाण्याची पिशवी नको. टाक्याच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर असते, भाजलेलं कळत नाही. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं.

दुखण्याची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर ती व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या. गोळी टाळून व्यायामही टाळणारे बरेच भेटतात. त्यात शौर्य कसलं?

शेजारच्या वहिनींशी तुलना करू नका. आधीच वर्षानुवर्षं आखडलेला गुडघा ऑपरेशननंतरही तुलनेने कमीच वाकतो. साधारणपणे दोन आठवड्यांत ९० अंशांच्या आसपास आणि तीन महिन्यांत ११० ते १२० ही चांगली प्रगती. जिना आणि खुर्चीतून उठणं यात भागतं. जमिनीवर मांडी घालायचं मात्र सर्जनला विचारल्याशिवाय मनावर घेऊ नका.

सहा आठवडे उलटूनही गुडघा नव्वदपर्यंत जात नसेल तर तेल किंवा फिजिओ बदलत बसू नका, थेट सर्जनकडे जा. भूल देऊन गुडघा वाकवण्याचा उपाय साधारण पहिल्या तीन महिन्यांत जास्त चांगला लागू पडतो, पुढे आतले व्रण घट्ट होत जातात. आणि ताप, टाक्यातून स्राव, वाढती लाली किंवा पोटरी सुजून दुखणं, यातलं काहीही दिसलं तर व्यायाम बंद करून त्याच दिवशी सर्जनला दाखवा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर तडक हॉस्पिटल गाठा.