रेघा छापायच्या, ठिपके हाताने मारायचे: क्वांटमचा टी-शर्ट घरी कसा करावा

क्वांटमचा (म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनच्या भौतिकीचा) टी-शर्ट म्हटलं की लोक दोनच गोष्टी मागतात: खोक्यातली एकाच वेळी जिवंत आणि मेलेली मांजर, नाहीतर मधोमध गोळा आणि भोवती तीन लंबगोल कक्षा. मी दोन्ही करत नाही. मांजर भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगरने १९३५ साली आणली ती हा सगळा प्रकार किती विचित्र ठरतो ते दाखवायला. ती गोंडस काढली की मुद्दाच जातो. आणि कक्षांमध्ये फिरणारा इलेक्ट्रॉन भौतिकीने १९२५-२६ मध्येच सोडून दिला, छातीवर तो अजून कशाला मिरवायचा?

मी बी.एस्सी. फिजिक्स केलं आणि नागपूरच्या महालात बाबांचा स्क्रीन प्रिंटिंगचा धंदा धरला. पत्रिका आणि कापडी बॅनर गेले, फ्लेक्स आला, तेव्हा स्क्रीन (रंग गाळून छापायची ताणलेली जाळी), फ्रेमा, स्क्वीजी (रंग ओढायची रबरी पट्टी) सगळं पडूनच होतं. टी-शर्ट त्यातूनच सुरू झाले. खाली तीन डिझाइन देते आहे. दोन ठरलेल्या मापाच्या रेघांची, ती स्क्रीनवर छापली तरी चालतात. तिसरं डिझाइन स्क्रीनवर छापायचं नाही. का, ते तिथेच सांगते.

आधी कापड. शंभर टक्के सुती, १८० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम वजन) आसपासचा, बायोवॉश केलेला (वरची लव काढलेला) साधा टी-शर्ट घ्या. गांधीबाग-इतवारीकडे होलसेलवाल्यांकडे मिळतो. बोटात धरून उजेडाकडे करून बघा. जाळी दिसली तर ठेवून द्या, त्यावर रेघ फुटते. पॉलिस्टर मिसळलेला नको. आणल्यावर साध्या साबणाने एकदा धुवाच, म्हणजे वरची खळ निघते आणि आटायचा तेवढा आटतो. न धुता मापं घेतली तर पहिल्या धुण्यात सगळं गणित आखडतं. आत पुठ्ठा घालायचा, त्यावर प्लॅस्टिक चिकटवलेलं. पुठ्ठा छातीपेक्षा थोडा अरुंद घ्या. टी-शर्ट ताणून बसवलात तर काढल्यावर कापड मागे येतं आणि तुमचे मिलिमीटर चुकतात.

पहिलं: हायड्रोजनच्या चार रेघा

हायड्रोजन वायू नळीत भरून त्यातून वीज सोडली आणि त्याचा उजेड लोलकातून पाहिला तर सगळं इंद्रधनुष्य दिसत नाही. दिसतात त्या सुट्या रेघा. डोळ्यांना दिसणाऱ्या ठळक चार: ४१०.२, ४३४.०, ४८६.१ आणि ६५६.३ नॅनोमीटर. या आकड्यांमागचं सूत्र १८८५ साली बामर नावाच्या बाझलच्या शाळामास्तराने शोधलं, आणि ते तसं का, हे १९१३ मध्ये बोरने सांगितलं: इलेक्ट्रॉनला ऊर्जेच्या ठरावीक पायऱ्याच मोकळ्या आहेत, तो तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या, सहाव्या पायरीवरून दुसरीवर उतरला की एकेक रेघ. पायऱ्या राहिल्या, कक्षा गेल्या.

आता गंमत बघा. एक नॅनोमीटरला एक मिलिमीटर धरा. पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत २४६ मिलिमीटर, म्हणजे साडेचोवीस सेंटिमीटरच्या वर थोडं. मीडियम साइजच्या छातीवर अगदी बेतानं बसतं. वेगळं स्केल काढायची गरजच नाही.

काळा टी-शर्ट घ्या. गळ्याखाली चार बोटं सोडून शिंप्याच्या खडूने आडवी रेघ मारा. डावीकडून पहिली खूण, तिच्यापासून २४ मिलिमीटरवर दुसरी, तिथून ५२ वर तिसरी, तिथून १७० वर चौथी. प्रत्येक खुणेवर मास्किंग टेपच्या दोन पट्ट्या उभ्या लावा, मध्ये तीन मिलिमीटरची फट. टेपची आतली कड नखाने घासून दाबा, रंग तिथूनच आत शिरतो.

काळ्यावर थेट रंग लावलात तर लाल रंग विटकरी दिसतो आणि जांभळा दिसतच नाही. म्हणून आधी पांढऱ्याचा पातळ हात, तो पूर्ण वाळू द्या, मग रंग. ६५६ ची रेघ शुद्ध लाल, तीच सर्वांत भरगच्च. ४८६ च्या रेघेला सगळे निळा लावतात, तो चुकीचा. ती मोरपंखी आहे, निळ्यात हिरव्याचे दोन थेंब. ४३४ निळसर जांभळी. ४१० गडद जांभळी आणि तिला पांढरा हात अगदी पातळ द्या, कारण ती डोळ्याला दिसते न दिसते अशीच असते. ब्रश नको, स्पंजाचा तुकडा घ्या आणि टिपत जा. घासलं की टेपखाली गेलंच समजा.

एक माणूस म्हणाला, ताई, उजवीकडे एवढी मोठी जागा काळी राहिली, तिथे काहीतरी टाका ना. तिथे काही नाही, म्हणून तर हायड्रोजन ओळखू येतो.

दहा-वीस नग करायचे असतील तर स्क्रीन करा. विश्वातला कुठलाही हायड्रोजन याच चार रेघा देतो, तेव्हा सगळ्या टी-शर्टांवर एकसारख्या रेघा येणं रास्तच. एका फिल्मवर चारही रेघा काळ्याभोर काढून पॉझिटिव्ह करा, जाळीवर इमल्शन (उजेडाने घट्ट होणारा लेप) लावून उन्हात एक्सपोज करा. किती सेकंद, ते कोणाला विचारू नका; एक तुकडा घेऊन पट्टी-पट्टीने झाकत जा आणि तुमच्या गच्चीचं ऊन आधी तपासा. नागपूरचं एप्रिलचं ऊन आणि डिसेंबरचं ऊन ही दोन वेगळी यंत्रं आहेत. रेघा एकमेकींपासून लांब आहेत, त्यामुळे मधे टेप लावून चारही रंग एकाच स्क्रीनवर घेता येतात.

मे महिन्यात मात्र छपाई सकाळी आठच्या आत उरका. नंतर रंग जाळीतच बसतो आणि तिसऱ्या हाताला रेघ तुटक येते. आम्ही वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावतो, खोलीत ओलावा राहतो. फक्त त्याचा झोत स्क्रीनवर येऊ द्यायचा नाही.

दुसरं: रामन यांच्या रेघा

हे नागपूरकरांसाठी. गांधीसागरापाशी रामन विज्ञान केंद्र आहे हे पोट्ट्या-पोट्ट्याला ठाऊक, पण वित्त खात्याच्या नोकरीत असताना स्वतः रामन काही काळ इथे होते, हे सांगितलं की लोक चमकतात. त्यांचा शोध मात्र कोलकात्याचा, २८ फेब्रुवारी १९२८ चा. नोबेल १९३० चं.

एका रंगाचा उजेड द्रवातून सोडला की बाहेर विखुरलेला बहुतेक उजेड त्याच रंगाचा असतो, पण किंचितसा भाग रेणूला थोडी ऊर्जा देऊन किंवा त्याच्याकडून घेऊन येतो. म्हणून मधल्या ठळक रेघेच्या दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर बारीक रेघा उमटतात. कार्बन टेट्राक्लोराइड या द्रवाच्या रेघा मधल्या रेघेपासून किती सरकतात, ते आकडे (एकक: प्रति सेंटिमीटर) पाठच करून ठेवा: २१८, ३१४, ४५९, आणि ७६२-७९० ची जोडी. शंभराला एक सेंटिमीटर धरा. मधल्या रेघेपासून दोन्हीकडे २.२, ३.१, ४.६ आणि ७.६-७.९ सेंटिमीटर. ऊर्जा देऊन आलेल्या बाजूच्या रेघा ठळक. घेऊन आलेल्या बाजूच्या फिक्या, आणि मधापासून जितक्या लांब तितक्या जास्त फिक्या, कारण आधीच थरथरत असलेले रेणू थोडेच असतात. शेवटची जोडी त्या बाजूला जवळपास पुसटच ठेवा.

रंग? पाऱ्याच्या दिव्याची ४३५.८ नॅनोमीटरची रेघ मध्ये धरली तर ती निळी, आणि बाजूच्या सगळ्याही निळ्याच. सरकणं इतकं थोडं असतं की शेवटची जोडीही ४५१ च्या आसपास येते. इंटरनेटवरच्या चित्रांत एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला हिरवं दिसतं, ते समजावून सांगायच्या सोयीसाठी. टी-शर्टवर एकच निळा, पाणी कमी-जास्त करून. पांढऱ्या कापडावर हा जास्त खुलतो.

तिसरं: ठिपके

खरं काम इथे आहे. दोन फटींतून एकेक करून इलेक्ट्रॉन सोडले तर पडद्यावर प्रत्येक जण एकाच जागी ठिपका उमटवतो, आणि तो कुठे पडेल हे आधी कोणालाच सांगता येत नाही. ठिपके साचत गेले की मात्र पट्टे दिसू लागतात: दाट, रिकामा, दाट, रिकामा. जपानच्या टोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये हे एकेका इलेक्ट्रॉनने करून दाखवलं (फटींच्या जागी त्यांनी इलेक्ट्रॉन बायप्रिझम, म्हणजे वाट दोन भागांत वळवणारं साधन, वापरला). ठिपका कुठे पडायची किती शक्यता, हे लहरीच्या उंचीच्या वर्गाने ठरतं, हे मॅक्स बॉर्नने १९२६ मध्ये मांडलं.

आता हे स्क्रीनवर छापलं तर? पन्नास टी-शर्टांवर तेच ठिपके, त्याच जागी. मग इलेक्ट्रॉनचा काही संबंधच उरला नाही. आणि हाताने, मनाने मारले तरी फसतं. माणूस दोन ठिपके जवळजवळ पडू देत नाही; त्याला सगळीकडे सारखं वाटून द्यायची खोड असते. म्हणून हात आपला, पण जागा आपण निवडायची नाही.

त्यासाठी पत्त्यांचा कॅट पुरतो, आणि तो इतका नेमका पुरतो की मला अजून मजा वाटते. जोकर काढून ठेवा. छातीवर २५ सेंटिमीटर लांब मास्किंग टेप आडवी लावा, एकेक सेंटिमीटरचे २५ रकाने. डावीकडून लिहीत जा: एक्का, लाल दुर्री, रिकामा, काळी दुर्री, तिर्री, लाल चौकी, रिकामा, काळी चौकी, पंजी, असं करत राजापर्यंत. म्हणजे एक्का, तिर्री, पंजी, सत्ती, नव्वी, गुलाम आणि राजा यांना एकेक आख्खा रकाना, चारही पत्ते त्यातच. दुर्री, चौकी, छक्की, अठ्ठी, दश्शी आणि राणी यांचे बदाम-चौकट रिकाम्या रकान्याच्या डावीकडे, इस्पिक-किलवर उजवीकडे. प्रत्येक रकान्याचे पत्ते मोजा: चार, दोन, शून्य, दोन, चार. पूर्ण, अर्धी, शून्य, अर्धी. दोन फटींच्या आदर्श पट्ट्यांत एवढ्या अंतराने हेच प्रमाण येतं, आणि बावन्न पत्ते एकही न उरता वाटले जातात.

उभ्या बाजूलाही टेप लावा, अडीच-अडीच सेंटिमीटरचे तेरा घर. तिथे एक्का ते राजा.

एक पत्ता ओढा, रकाना मिळाला. पत्ता परत घाला, पिसा. दुसरा ओढा, त्याच्या आकड्याने उभं घर मिळालं. ठिपका मारा. परत घाला, पिसा. पत्ता परत घालणं टाळू नका. बाहेर ठेवत गेलात तर बावन्न झाल्यावर हिशोब ठरल्याप्रमाणेच येणार, आणि आधीच्या इलेक्ट्रॉनने पुढच्याला सांगून ठेवल्यासारखं होईल. दोन कॅट आणि दोन माणसं असली तर काम पटकन होतं. माझ्याकडे पत्ते ओढायला बाबा बसतात. "एवढे ठिपके काऊन मारून राहिली वं, एक बाजूले छापून टाक ना," असं म्हणत म्हणत त्यांना आता कोणता रकाना मागे पडला याची काळजी लागते. "गुलाम येऊनच नाही राहिला!" येईल किंवा नाही येणार. मागे पडलेल्या रकान्याला आपण होऊन ठिपका द्यायचा नाही.

ठिपक्यासाठी काडेपेटीच्या काडीचं मागचं टोक उत्तम. रंग ताटलीत दाटसर घ्या, काडी बुडवून एकदा कडेला टेकवा आणि कापडावर सरळ उभी धरून ठेवा. दाबू नका, फिरवू नका, उचला. होजिअरीच्या विणीत रंग क्षणभर थांबतो आणि मग टाक्यांच्या दिशेने किंचित उभा पसरतो. तीन मिलिमीटरचा ठिपका चार होतो. पाणी जास्त झालं तर त्याला पाय फुटतात. आधीच्या ठिपक्यावर दुसरा आला तर येऊ द्या.

चाळीस ठिपक्यांपर्यंत काहीच दिसत नाही, कोणीतरी रंग झटकल्यासारखं वाटतं. दोनशेला दाट रकान्यांत सरासरी पंधरा आणि बाजूच्यांत आठ होतात, तेव्हा पट्टे उघडतात. चारशेला लांबूनही वाचता येतं. मला स्वतःला दोनशेचा आवडतो, डोळा थोडा अडतो म्हणून. कोणी तिघे मित्र एकत्र मागत असतील तर चाळीस, दोनशे, चारशे असे तीन करून द्या. शेजारी उभे राहिले की प्रयोग पूर्ण होतो.

फिजिक्सवाला कोणी भेटला तर तो इथे हटकेलच, आणि त्याचं बरोबर आहे. पत्त्यांचा क्रम कॅटमध्ये आधीच ठरलेला असतो, आपल्याला दिसत नाही इतकंच. इलेक्ट्रॉनचं तसं साधं नाही. भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेलचं १९६४ चं प्रमेय आणि त्यावरचे प्रयोग, ज्यांना २०२२ चं नोबेल मिळालं, ते असा जागच्या जागी दडलेला क्रम मान्य करत नाहीत. टी-शर्टपुरते पत्ते चालवून घ्या.

पक्कं करणं

तिन्ही डिझाइनना शेवटचं काम सारखंच. रंग चोवीस तास सावलीत वाळू द्या. पावसाळ्यात दोन दिवसही लागतात, बोटाला गार लागलं की अजून ओल आहे समजा. मग टी-शर्ट उलटा करून, इस्त्री सुती कापडाच्या खुणेवर ठेवून, वाफ बंद, प्रत्येक भागावर तीन-चार मिनिटं फिरवा. एका जागी थांबवू नका. स्क्रीनच्या पिगमेंटमध्ये (छपाईच्या रंगात) बायंडरबरोबर फिक्सर (रंग पक्का करणारं रसायन) घातला असेल तरी इस्त्री चुकवू नका.

त्यानंतर तीन दिवस धुवायचा नाही. पुढे उलटा करून, थंड पाण्यात, ब्लीच न घालता, आणि वाळत सावलीत घालायचा. आमच्याकडे मे महिन्यात तारेवर टाकलेला काळा टी-शर्ट एका दुपारीत करडा होऊ लागतो. विकत देत असाल तर हे सगळं चिठ्ठीवर लिहून सोबत द्या, आणि ठिपक्यांच्या टी-शर्टच्या चिठ्ठीवर ठिपक्यांचा आकडाही टाका. लोक मोजतात.