घरात थोरलं मांजर आहे आणि पिल्लू आणताय? आधी एवढं करून ठेवा

पिल्लू पसंत झालं असेल तर आणायची तारीख आठ-दहा दिवस पुढे ढकला आणि आधी घर तयार करा. मांजरं आपापसात जमवून घेतात, आणा तर खरं, असं सांगणारे खूप भेटतील, त्यांचं ऐकू नका. काही घेतातही जमवून, पण जे मांजर वर्षानुवर्षं एकटं राहिलंय त्याच्यासाठी अख्खं घर हा त्याचा इलाका असतो, दाराच्या चौकटी, टेबलाचे पाय, तुमच्या पोटऱ्या, सगळीकडे गाल घासघासून त्याने स्वतःचा वास लावून ठेवलेला असतो, आणि त्यात एका रात्रीत भलत्याच वासाचा जीव येऊन नाचायला लागला तर त्याने तरी काय करावं? पहिली गाठच मारामारीची झाली तर ती दोघांच्याही डोक्यात बसते, मग जे काम काही आठवड्यांत झालं असतं ते महिनोनमहिने चालतं.

पहिलं काम, थोरल्याला डॉक्टरकडे नेऊन आणा. पिल्लाला तर सगळेच नेतात, थोरल्याचं राहतं. दहा वर्षांच्या पुढचं मांजर असेल तर सांधे, दात, किडनी, थायरॉइड यातलं काही ना काही निघण्याची शक्यता बरीच असते आणि मांजर दुखणं शेवटपर्यंत लपवतं. पूर्वी एका उडीत खिडकीत जायचं ते आता खुर्चीवर थांबून जातंय, कमरेपाशी हात नेला की कातडी थरथरवतंय, अशा गोष्टी दिसत असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, रक्त-लघवी आणि बीपी तपासून घ्या. दुखऱ्या कमरेवर पिल्लाने झेप घेतली की ते फिस्कारणारच, आणि आपण समजणार की याला पिल्लू आवडलेलं नाही. लसी राहिल्या असतील तर त्याही याच फेरीत उरका.

पिल्लासाठी वेगळी खोली, दार नीट बंद होणारी. थोरल्याची झोपायची आवडती खोली देऊ नका, तेवढं पाळा. पाणी, खाणं, अंथरूण, लपायला एक खोका, हे सांगायला नको. साधारण दोन आठवडे पिल्लू त्याच खोलीत राहणार आणि हे फक्त ओळख हळू व्हावी म्हणून नाही, आजार हेही मोठं कारण आहे. पिल्लं येताना पिसवा, जंत, कानातले किडे, सर्दी, गजकर्ण असं बरंच काही घेऊन येतात, पॅनल्युकोपेनियासारखा भयंकर आजारही आधी काही दिवस दिसत नाही आणि मग उसळतो. ल्युकेमियाची, म्हणजे मांजरांत एकमेकांकडून पसरणाऱ्या ल्युकेमिया विषाणूची (FeLV) टेस्ट करूनच दार उघडायचं. पिल्लाला हाताळून आलात की हात धुवा आणि वरचा शर्ट बदला. आणि पिसवांसाठी कुत्र्याचं औषध घरात पडलंय म्हणून ते अजिबात लावू नका, त्यात परमेथ्रिन असेल तर मांजर त्याने मरू शकतं.

आता लिटर बॉक्स, म्हणजे मांजराची शी-शू करायची वाळूची पेटी. मागच्या वेळी माझ्याकडून हेच राहिलं आणि पुढचं सगळं त्यातूनच बिघडलं, म्हणून बाकी काही विसरलात तरी चालेल पण हे विसरू नका. दोन मांजरं असतील तर तीन बॉक्स. आणि तीन म्हणजे तीन वेगवेगळ्या जागी. एका ओळीत तीन मांडले तर मांजराच्या हिशेबाने तो एकच बॉक्स, कारण तिथे जायची वाट एकच आणि ती वाट एका पिल्लाला बसल्या बसल्या अडवता येते. पिल्लू काही दुष्टपणाने करत नाही हे, त्याला तो खेळ वाटतो, थोरलं बॉक्सकडे निघालं की कोपऱ्यामागे दबा धरायचा आणि बाहेर येताना अंगावर उडी. थोरलं एकदोनदा सहन करतं, मग जायचंच टाळतं. लघवी दाबून धरतं. आमच्याकडे एकच बॉक्स होता, वर झाकण असलेला, पॅसेजच्या टोकाला, आणि बोका कमी जातोय हे आमच्या लक्षात आलं तेव्हा तो कुंथत होता आणि थेंबही येत नव्हता. ताबडतोब उचलून नेला म्हणून वाचला. बोक्याची लघवीची नळी अरुंद असते, ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो, ही सकाळपर्यंत थांबायची गोष्टच नाही, रात्रीचे दोन वाजले असतील तरी निघायचं.

आणि इथे हिशेबात एक गफलत होते ती सांगते. पिल्लाच्या बंद खोलीतला बॉक्स तीनात धरला जातो, पण थोरल्याला तिथे जाताच येत नाही, म्हणजे त्याच्यासाठी तो नाहीच. दार उघडायच्या आधीच थोरल्याच्या वावरातल्या भागात दोन बॉक्स हवेत, दोन वेगळ्या वाटांवर, आणि तेही आधीपासून ठेवलेले, म्हणजे पिल्लू समोर येईपर्यंत दुसऱ्याची त्याला सवय झालेली असते. ऐनवेळी ठेवलेल्या नवीन बॉक्सकडे म्हातारं मांजर ढुंकूनही बघत नाही.

बॉक्स कसा, तर झाकण नको. आत बसल्यावर बाहेरचं दिसलं पाहिजे आणि निसटायला दोन बाजू मोकळ्या पाहिजेत. एका बाजूची कड चार बोटांपेक्षा उंच नको, सांधे दुखत असतील तर उंच कड चढणं हीच शिक्षा होते. लांबीला मांजराच्या दीडपट. थोरल्याच्या बॉक्समधली वाळू या काळात बदलायची नाही, कितीही चांगली ऑफर दिसली तरी नाही, सुगंधी तर मुळीच नको. पिल्लाच्या बॉक्समध्ये मात्र गोळे होणारी वाळू घालू नका, लहान पिल्लं ती खातात आणि ती पोटात घट्ट बसू शकते, चार महिन्यांचं होईपर्यंत गोळे न होणारीच वापरा. रोज साफ करताना थोरल्याचे लघवीचे गोळे मोजा, दिवसाला दोन ते चार दिसले पाहिजेत. बाहेर कुठे केलीच तर ओरडू नका, एन्झाइमवाल्या क्लीनरने पुसा, अमोनियावाल्याने पुसलं तर त्याला तिथे अजून लघवीचाच वास येतो. फिनॉल असलेलं काहीही घरात नकोच, मांजराच्या लिव्हरला ते झेपत नाही.

वासाची ओळख हा पुढचा टप्पा आणि यात घाई केली तर मागचं सगळं पाण्यात. मांजर समोरच्याला आधी वासाने ओळखतं, रूप नंतर. एक मऊ कापड पिल्लाच्या गालावर, हनुवटीखाली फिरवा आणि ते थोरल्याच्या जागेजवळ ठेवा, अगदी अंथरुणातच नको, जवळपास. फिस्कारलं तर फिस्कारू दे, कापड जरा लांब सरकवा. थोरल्याचं कापड पिल्लाकडे. कापडाकडे बघून ते शांत बसायला लागलं की अंथरुणांची अदलाबदल, मग जागांची, म्हणजे थोरलं पिल्लाच्या खोलीत तासभर आणि पिल्लू बाहेर, एकमेकांना न बघता. या अदलाबदलीत एक गोष्ट हमखास निसटते, थोरलं खोलीत बंद असताना त्याच्या बाजूला बॉक्स आहे का? पिल्लाचा छोटा ट्रे आहे म्हणू नका, त्याचा नेहमीचा, मोठा, आत नेऊन ठेवा.

याच दिवसांत दोघांना बंद दाराच्या दोन बाजूंना खायला द्या. पहिल्यांदा दारापासून लांब आणि मग बिनधास्त खायला लागले की थोडं थोडं जवळ, म्हणजे त्या वासाबरोबर काहीतरी चांगलं होतं एवढं डोक्यात जातं. थोरलं खायचं थांबलं तर तुम्ही घाई केलीत, भांडं मागे घ्या. दिवसभर काहीच खाल्लं नाही तर मात्र डॉक्टर, विशेषतः जाड मांजर असेल तर, उपाशी राहिलं की त्यांच्या लिव्हरवर चरबी चढते आणि ते जिवावर बेततं. खाणं दोघांचं वेगळंच हवं, पिल्लाच्या खाण्यात फॉस्फरस आणि प्रोटीन जास्त असतं, किडनी कमजोर झालेल्या मांजराने ते रोज चोरून खाणं बरं नाही. दिवसभर भांडं भरून ठेवायची सवय असेल तर ती आताच मोडा, वेळा ठरवा.

थोरल्याला वर जायला जागा करा. शेल्फ, कपाटाचा माथा, काहीही, पण चढायला मध्ये पायऱ्या हव्यात, स्टूल, खोका, त्याला सहज जमेल अशा, आणि शक्यतो पिल्लाला अजून जमणार नाही अशी जागा. फेरोमोनचा, म्हणजे मांजराला शांत वाटावं अशा वासाचा डिफ्यूझर मिळतो तो हवा तर लावा, काहींना उपयोग होतो काहींना नाही, त्याच्या भरवशावर बॉक्स कमी करू नका.

मग एकमेकांना बघणं. दाराच्या फटीतून किंवा जाळीतून, पाच-दहा मिनिटं, खाताना. समोरासमोर भेट त्यानंतर. त्याआधी पिल्लाला दोरीच्या खेळण्यामागे पळवून पळवून दमवा, म्हणजे थोरल्याच्या शेपटीशी खेळायची ताकद उरणार नाही. दोघांपैकी कुणालाही हातात धरून भेटवू नका, बोचकारे तुम्हालाच बसतील. फिस्कारणं, एखादा नखं न काढता मारलेला पंजा, हे ठीक आहे, थोरलं पिल्लाला मर्यादा सांगतंय, त्यासाठी त्याला रागवायचं नाही, रागवलात तर पिल्लू आलं की मला बोलणी बसतात एवढंच ते शिकेल. कान चपटे, एकटक नजर, घशातून गुरगुर आणि अंग दबलेलं दिसलं तर मध्ये उशी किंवा पुठ्ठा घाला आणि वेगळं करा. हात घालू नका, मांजराचा चावा खोल जातो आणि पटकन पिकतो.

नंतरचं थोडक्यात. भेटी वाढवत न्या. तुम्ही घरात नसताना पिल्लू खोलीत, दोघं शांत राहायला लागल्यावरही आणखी थोडे दिवस. रोज थोरल्यासाठी एकट्याचा वेळ, आधीच्याच वेळेला, आधीसारखाच. बिघडलं तर एक टप्पा मागे या. एकमेकांना चाटणं वगैरेची वाट बघू नका, एका खोलीत दोघं आपापल्या जागी झोपली की काम झालं समजा. आणि तेव्हा जागा अडते म्हणून तिसरा बॉक्स उचलायचा मोह होईल, उचलू नका. पिल्लू चार महिन्यांचं झालं की नसबंदीसाठी डॉक्टरांची वेळ घ्या, मादी असेल तर त्या वयानंतर कधीही गाभण राहू शकते आणि नर असेल तर घरभर लघवीचे फवारे मारायला लागायच्या आत करून टाका.