हातोडा घडवताना या चुका टाळा

पहिला हातोडा घडवायला घेणारा जवळजवळ प्रत्येक जण पीनच्या (सपाट तोंडाच्या विरुद्ध बाजूच्या निमुळत्या टोकाच्या) आकारावर वाद घालत बसतो आणि दांड्याचं भोक मात्र घाईत पाडतो. खरं तर भोक तिरकं गेलं की पुढची सगळी मेहनत वाया जाते.

एका शिकाऊ मुलाने पोगर (भोक पाडायचा पंच) मध्यापासून तीनेक मिलिमीटर सरकलेला असतानाही ठोकत नेला. भोकाच्या बाजूची एक भिंत, म्हणजे गाल, जाड, दुसरा पातळ. ‘ग्राइंडरवर सारखं करतो’ म्हणाला. केलंही, वरून छान चकचकीत दिसत होतं. मग हातोड्याचं अख्खं डोकं लाल करून पाण्यात बुडवलं. ‘टिक्’ असा बारीक आवाज आला आणि भोकाच्या कोपऱ्यातून पातळ गालावर केसासारखी चीर गेली. ग्राइंडरने चूक झाकते, जात नाही. अशी चीर दिसली की तो तुकडा बाजूला टाकायचा. वेल्डिंगचा विचारही करू नका.

मी लोखंड थंड असतानाच दोन्ही बाजूंना मध्यावर सेंटर पंचची खोल खूण करतो, म्हणजे तापल्यावरही ती दिसते. लोखंड पिवळसर तापलं की तीन-चार घाव, मग पोगर पाण्यात. हे टाळलं तर टोक नरम पडून फुगतं आणि आत अडकून बसतं. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर उलटून बघा: पोगराने थंड केलेली जागा काळपट दिसते. दुसऱ्या बाजूचा घाव तिथेच.

आता पीन. पीनच्या धारेला काटकोनात लोखंड पसरतं, एवढं डोक्यात ठेवा. क्रॉस पीनने (धार दांड्याला आडवी) ते दांड्याच्या दिशेने सरकतं, स्ट्रेट पीनने (धार दांड्याच्या रेषेत) आडवं. सळई लांबवताना तुमचा हात तिच्याशी तिरका येत असेल, तर मनगट वाकवण्यापेक्षा तिरकी पीन बरी. मी नवख्याला आधी क्रॉस पीनच करायला लावतो. धार मात्र चांगली गोल हवी. छिन्नीसारखी धार दिसायला आकर्षक असते, पण ती खोल चरे पाडते. पुढच्या घावांनी ते दुमडून आत घडी राहते आणि वस्तू तिथूनच फाटते.

सपाट तोंडाच्या कडा तीक्ष्ण ठेवू नका, नाहीतर प्रत्येक तिरक्या घावाला चंद्रकोर उमटते.

पहिला हातोडा किलोभराचाच करा.

कुठलंतरी भंगार घेऊ नका. ईएन ८ आणि ईएन १९ हे पोलादाचे प्रकार. तापवून झटकन थंड करून कडक करताना ईएन ८ला पाणी चालतं, ईएन १९ला तेलच द्या.

पाणी देण्याआधी, म्हणजे असं कडक करण्याआधी, नॉर्मलायझिंग तीनदा: चुंबक धरेनासं होईपर्यंत तापवायचं, हवेत निववायचं. मग फक्त तोंड आणि पीन कडक करा, भोकाभोवतीचा भाग नरमच राहू द्या. नंतर भोकात लाल तापलेला ड्रिफ्ट (भोकात बसणारा निमुळता लोखंडी दांडा) घालून उष्णतेने पोलादावर उमटणारा रंग दोन्हीकडे सरकताना बघत बसा. तोंडावर गडद सोनेरी ते तपकिरी आला की लगेच थंड करा. इथे मोबाइल बाजूला ठेवा. रंग डोळ्यांदेखत पुढे निघून जातो.

दांडा बसवण्याआधी भोकाच्या आतल्या कडा गोल कानशीने मोडून घ्या, नाहीतर त्या लाकडाचे तंतू कापतात.