गच्चीवर कोणकोणते मोबाईल टॉवर पोहोचतात? आर्डुइनोने शोधा

फोनच्या कोपऱ्यातल्या काड्या फक्त आपल्या कंपनीचा सिग्नल दाखवतात. आसपास आणखी कोणाचे टॉवर आहेत, हे त्यावरून कळत नाही. आर्डुइनो उनो या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डला सिम८००एल हे बोटभर जीएसएम मॉड्यूल, म्हणजे मोबाईल नेटवर्कशी बोलणारी पट्टी, जोडलं की ते आकड्यांत वाचता येतं.

सुरुवात वीजपुरवठ्यापासून करा, कारण बहुतेकांचं गाडं इथंच अडतं. मॉड्यूलला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात आणि टॉवरशी बोलताना ते क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट ओढतं. म्हणून आर्डुइनोच्या ५ व्होल्टच्या पिनला ते कधीच जोडू नका. माझं मॉड्यूल सारखं बंद पडून पुन्हा सुरू व्हायचं. दोन संध्याकाळी मी प्रोग्रॅममधली चूक शोधली, आणि दोष निघाला बारीक वायरींचा. चार्ज केलेला १८६५० लिथियम सेल, जाड-आखूड वायर आणि मॉड्यूलला खेटून १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, एवढं केलं की प्रश्न मिटतो. सेलचं ऋण टोक आर्डुइनोच्या ग्राउंडला जोडलंच पाहिजे.

आता मॉड्यूलची टीएक्स (माहिती पाठवणारी) पिन उनोच्या १० क्रमांकाच्या पिनला जोडा. उनोच्या ११ क्रमांकातून ५ व्होल्ट येतात, ते मॉड्यूलच्या आरएक्सला (माहिती घेणाऱ्या पिनला) सोसत नाहीत. १० किलोओहमचे दोन रेझिस्टर, एक ११ क्रमांक आणि आरएक्सच्या मध्ये, दुसरा आरएक्स आणि ग्राउंडच्या मध्ये, लावून ते निम्मे करा. अँटेना लावा, पिन-लॉक काढलेलं मायक्रो सिम घाला, मगच सेल जोडा. दिवा आधी सेकंदाला एकदा लुकलुकतो. दर ३ सेकंदांनी लुकलुकू लागला की नेटवर्क मिळालं.

प्रोग्रॅम लिहायची गरज नाही. संगणकावरच्या आर्डुइनो सॉफ्टवेअरच्या उदाहरणांतलं सॉफ्टवेअरसीरियल उघडा, त्यातले दोन्ही वेग ९६०० करा आणि अपलोड करा. सीरियल मॉनिटरमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, वेग ९६०० ठेवा आणि ओळीच्या शेवटी एनएल आणि सीआर दोन्ही निवडा. पुढच्या आज्ञा इंग्रजी कॅपिटल अक्षरांत टाइप करायच्या.

‘एटी’ला ‘ओके’ आलं की ‘एटी+सीओपीएस=?’ द्या आणि थांबा. पाऊण मिनिटही लागू शकतं. मग अशी उत्तरं येतात: (२,"एअरटेल","","४०४९०"). पहिला आकडा २ म्हणजे सध्या जोडलेलं, १ म्हणजे उपलब्ध, ३ म्हणजे तुमच्या सिमला मनाई असलेलं नेटवर्क. ४०४ हा भारताचा कोड, ९० हा एअरटेलच्या महाराष्ट्र सर्कलचा. गोवा याच सर्कलमध्ये येतो, मुंबईचं सर्कल मात्र वेगळं.

यादीत जिओ दिसणार नाही. हे मॉड्यूल फक्त टूजी ऐकतं आणि जिओचं टूजी नेटवर्कच नाही. त्याच कारणाने जिओचं सिम इथं चालत नाही.

‘एटी+सीएसक्यू’ सिग्नलची ताकद ० ते ३१ मध्ये सांगतं. ९९ आलं तर मोजमाप झालं नाही असं समजा. आकड्याची दुप्पट करून ११३ वजा केले की डीबीएम, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायचं एकक, मिळतं. १५ आले तर उणे ८३, म्हणजे बरा सिग्नल.

मला सगळ्यात आवडते ती ‘एटी+सीईएनजी=३’ आणि त्यामागोमाग ‘एटी+सीईएनजी?’ ही जोडी. ० क्रमांकाची ओळ म्हणजे सध्या जोडलेला मोबाईल सेल (टॉवरच्या सिग्नलचा एक भाग, बॅटरीचा सेल नव्हे), १ ते ६ त्याचे शेजारी. लॅपटॉप घेऊन गच्चीवरून जिन्याने हळूहळू खाली या आणि दर मजल्यावर आज्ञा पुन्हा द्या. शेजाऱ्यांतल्या एखाद्या सेलचा क्रमांक मध्येच ०च्या ओळीत चढलेला दिसला, तर मॉड्यूलने आधीच्या मजल्यापासून इथपर्यंत येताना सेल बदलला आहे.